चिमुकल्यांचे चित्रपुस्तक: या चुका टाळा

दीड ते चार वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेल्या चित्रपुस्तकांची हस्तलिखिते मी गेली बारा वर्षे तपासते आहे आणि त्यांतल्या बहुतेकांत त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा सापडतात. त्यांचे मूळ एकच आहे: हे पुस्तक मूल स्वतः वाचणार नाही, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात राहत नाही. ते कुणाच्या तरी मांडीवर बसून ऐकणार आहे, ऐकताना चित्र न्याहाळणार आहे आणि पान उलटायला त्याचा हात शिवशिवणार आहे. कान, डोळे आणि हात या तिघांना काम मिळाले, तरच त्याला पुस्तकाची गंमत वाटते.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे चित्रात जे दिसते तेच वाक्यात सांगणे. माझ्या पहिल्या पुस्तकात मीही ती केली होती. घरभर लपत फिरणाऱ्या मांजरीची ती गोष्ट होती. ‘मनी टोपलीत लपली होती, पण तिचे शेपूट बाहेर राहिले होते,’ असे मी लिहिले होते आणि चित्रकाराने ते शेपूट टोपलीच्या कडेवरून लोंबताना काढले होते. छपाईपूर्वी कच्ची प्रत घेऊन मी एका बालवाडीत गेले, तर मुले शांत बसून ऐकत राहिली. ती शांतता मला सुरुवातीला कौतुकाची वाटली. तिसऱ्या पानापर्यंत तो कंटाळा आहे हे कळले. दुसऱ्या दिवशी मी त्या वाक्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि फक्त ‘मनी कुठे गेली?’ एवढेच वाचले. क्षणभर कुणी काही बोलले नाही. मग शेवटच्या रांगेतली एक मुलगी उठून पुढे आली, तिने शेपटावर बोट ठेवले आणि ‘शेपूट!’ असे ओरडली. पुढच्या प्रत्येक पानावर सगळा वर्ग पुस्तकावर ओणवा झाला. त्या रात्री मी हस्तलिखितातली अकरा वाक्ये काढून टाकली.

तेव्हापासून चित्रांचे कच्चे आराखडे हातात आले की मी लाल पेन घेऊन बसते आणि चित्रातून कळणारे प्रत्येक वाक्य खोडते. उरते ते चित्रात दाखवता न येणारे: आवाज, वास, मनातली भीती, ‘उद्या’ आणि ‘काल’. आपले लाडके वाक्य खोडताना लेखकांना वाईट वाटते हे मला ठाऊक आहे, पण शोधण्याचा आनंद मुलाचा आहे आणि तो त्याच्याकडून कुणी हिरावून घेऊ नये.

दुसरी चूक मराठीची खास आहे आणि तिचा मला मनापासून राग येतो. लहान मुलांसाठी म्हटले की जोडाक्षरे नकोत, असा एक नियम कुठून तरी पाठ झालेला असतो. बिनजोडाक्षरी पुस्तकांची गरज आहे, पण ती नुकतेच अक्षरे जुळवून वाचू लागलेल्या, पहिलीच्या आसपासच्या मुलांना. दोन वर्षांच्या मुलाला वाचून दाखवणारी आजी जोडाक्षरावर अडखळत नाही आणि ऐकणाऱ्याला तर त्या आवाजातच मजा येते. एका संपादकांनी माझ्या हस्तलिखितातून सगळी जोडाक्षरे वेचून काढली होती. ‘फणस धप्पकन पडला’चे ‘फणस जोराने पडला’ झाले, ‘फुग्यातली हवा फुस्स झाली’चे ‘फुगा लहान झाला’ झाले. मी दोन्ही प्रती मुलांना वाचून दाखवल्या. ‘जोराने’ला कुणी मानही वर केली नाही, ‘धप्पकन’ म्हणताच तीन-चार मुलांनी स्वतःला जमिनीवर पाडून घेतले. आपल्या भाषेत टुण्णकन, सुळ्ळकन, चट्टामट्टा असे शब्द भरभरून आहेत. ते गाळायचे आणि वर भाषा सोपी केल्याचे समाधान मानायचे, हा आळस आहे.

पान उलटण्याचा विचार न करणे ही तिसरी चूक. छपाईसाठी मोठा कागद घडी घालून वापरतात, त्यामुळे पुस्तकाची पाने आठाच्या किंवा सोळाच्या पटीत येतात आणि चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचे असते. शीर्षक, श्रेयनामावली वगैरे वजा केल्यावर गोष्टीसाठी समोरासमोरच्या पानांच्या तेरा-चौदा जोड्याच उरतात. ‘दाराआड कोण होते?’ हा प्रश्न डाव्या पानावर आणि हत्ती उजव्या पानावर असेल, तर प्रश्न वाचून होण्याआधीच मुलाला हत्ती दिसलेला असतो. प्रश्न उजव्या पानावर हवा, हत्ती पान उलटल्यावर. संगणकावर एकाखाली एक ओळी लिहून हे कधीच कळत नाही. आठ कोरे ए-फोर कागद मध्ये दुमडून, घडीवर पिना मारून ३२ पानांची डमी करावी आणि त्यात पेन्सिलीने मजकूर लिहावा. डमी केल्याशिवाय आलेले हस्तलिखित मी आता वाचायलाच घेत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. शेवटच्या पानावरचे तात्पर्य काढून टाकावे. यमकासाठी वाक्याची मोडतोड करू नये. मुख्य पात्राचा चेहरा पुस्तकाच्या मधल्या घडीत येऊ देऊ नये, कारण तो शिवणीत गिळला जातो. मजकूर गजबजलेल्या चित्रावर छापू नये. फार लहान मुलांसाठी जाड पुठ्ठ्याची पाने आणि गोलाकार कोपरे घ्यावेत. ती पुस्तक चावतात आणि त्यांनी ते चावावेच.

पुनरावृत्तीला मात्र घाबरू नये. मेणाच्या घरातली चिमणी काऊला दाराबाहेर उभे ठेवून ‘थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते’, ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावते’ असे सांगत राहते आणि पुढचे ‘थांब’ मूल आपल्याआधी म्हणते. आलेल्या मजकुरात नवशिके लेखक तिसऱ्या वेळी शब्द बदलतात आणि मुलाची म्हणण्याची संधी घालवतात.

एका रात्रीत गोष्ट लिहून सकाळी संगणकाकडून चित्रे करून घेणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की थोडे थांबावे. चौथ्या पानावर पिवळ्या असलेल्या चपला सहाव्या पानावर निळ्या झाल्या, तर मोठ्यांच्या नजरेतून ते सुटते. तीन वर्षांचे मूल तिथेच अडते. आधी पन्नास चांगली पुस्तके मोठ्याने वाचावीत. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीविव्हर’ या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा विनामूल्य वाचता येतात, त्यामुळे पुस्तके मिळत नाहीत ही सबब उरत नाही.

आणि आपल्या स्वतःच्या मुलावर चाचणी घेऊ नये, ते आपल्या आवाजावरच खूश असते. मी डमी अनोळखी मुलांच्या दोन गटांना वाचून दाखवते आणि चुळबुळ सुरू झाली की त्या पानाच्या कोपऱ्यावर पेन्सिलीने फुली मारते. एकाच पानावर दोन फुल्या आल्या, तर ते पान लेखकाकडे पुन्हा लिहायला जाते.