कर्नलची मेमरी-फंक्शने ड्रायव्हरला देताना या चुका टाळा

लिनक्सचे मॉड्यूल (कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, जोडला जाणारा ड्रायव्हरसारखा भाग) बिल्ड करताना एखादे मेमरी-फंक्शन ‘अनडिफाइंड’ असल्याची एरर येते, तेव्हा त्या फंक्शनखाली ते मॉड्यूलना खुले करणारी एक्सपोर्ट सिम्बॉलची एक ओळ घातली की काम पुढे सरकते. सर्वांत महागात पडणारी चूक नेमकी हीच आहे. कर्नलची आतली फंक्शने, कॉल करणाऱ्याने लॉक (एकाच वेळी दोघांना बदल करू न देणारे कुलूप) घेतलेला आहे आणि पत्त्यांची हद्द तपासलेली आहे, असे गृहीत धरून लिहिलेली असतात, आणि ड्रायव्हर लिहिणाऱ्याला या अटी बहुधा ठाऊक नसतात. म्हणून मूळ फंक्शन खुले न करता, तपासणी स्वतःच करणारे छोटे फंक्शन त्याच्यावर बांधून तेवढेच एक्सपोर्ट करावे. ‘झॅप व्हीएमए पीटीईज’ हा त्याचा उत्तम नमुना आहे: दिलेली पत्त्यांची रेंज त्याच मॅपिंगच्या (प्रोग्रॅमच्या पत्त्यांना मेमरीशी जोडणाऱ्या पट्ट्याच्या) आत नसेल किंवा मॅपिंग पीएफएन प्रकारचे, म्हणजे थेट भौतिक पानांच्या क्रमांकांवर आधारलेले, नसेल, तर ते काहीही न करता परतते.

दुसरी चूक एममॅपमध्ये, म्हणजे डिव्हाइसची मेमरी युजरच्या प्रोग्रॅमला जोडून देताना, होते. ‘रीमॅप पीएफएन रेंज’ला दिलेली भौतिक पाने खरोखर त्या डिव्हाइसची आहेत की नाहीत, हे ते फंक्शन पाहत नाही. म्हणून युजरने दिलेला ऑफसेट (सुरुवातीपासूनचे अंतर) न तपासता पुढे पाठवला, तर भलतीच मेमरी युजरच्या हाती जाते. 2012 मध्ये सॅमसंगच्या काही एक्सिनॉस फोनांत एका डिव्हाइस फाइलमधून कोणत्याही ॲपला भौतिक मेमरी वाचता-लिहिता येत होती, यावरून अशा ढिलाईचे गांभीर्य लक्षात यावे. साध्या डिव्हाइस मेमरीसाठी 2013 पासून उपलब्ध असलेले ‘व्हीएम आयओमॅप मेमरी’ वापरावे. त्याला सुरुवात आणि लांबी दिली की ऑफसेट आणि ओव्हरफ्लो (आकडा मर्यादेबाहेर जाणे) ते स्वतः तपासते.

फंक्शनांइतकीच काळजी स्ट्रक्चरच्या फील्डचीही घ्यावी लागते. पूर्वी ड्रायव्हर मॅपिंगचे गुणधर्म सांगणारे ‘व्हीएम फ्लॅग्ज’ हे फील्ड थेट बदलत असत. 2023 मधील कर्नलच्या 6.3 आवृत्तीपासून त्यासाठी स्वतंत्र फंक्शने आली, त्यामुळे लॉक घेतला आहे की नाही हे एकाच ठिकाणी तपासता येते.

फक्त जीपीएल परवान्याच्या मॉड्यूलना फंक्शन देणाऱ्या ‘जीपीएल’ एक्सपोर्टला सुरक्षेची सोय समजू नये, कारण ती अट केवळ परवान्याची आहे. वापर मर्यादित ठेवायचा असेल तर कर्नल 5.4 पासूनचे सिम्बॉल नेमस्पेस (एक्सपोर्ट केलेल्या फंक्शनांचे नाव दिलेले गट) वापरावेत. नेमस्पेस उघडपणे इम्पोर्ट करणारी मॉड्यूल रिव्ह्यूमध्ये चटकन सापडतात. नवे फंक्शन देण्यापूर्वी केएसॅन (मेमरीच्या चुकीच्या वापराचा शोध) आणि ॲटॉमिक स्लीप (थांबू नये तिथे थांबणे) यांची तपासणी सुरू ठेवून ते चुकीच्या रेंजसह आणि स्पिनलॉक (ज्यात थांबण्यास मनाई असते असा लॉक) धरलेल्या अवस्थेत मुद्दाम चालवून पाहावे.