सोयाबीन उभट का वाढते? पेरणीआधी वाचा

७५ ते १०० मि.मी. पाऊस होऊन चांगली ओल झाली, की सोयाबीनच्या पेरणीची धांदल उडते. एकरी ३५-४० किलो बियाणे टाकणारे अजून बरेच आहेत. ‘उगवण कमी झाली तर?’ ही धास्ती. मग ऑगस्टमध्ये पीक कमरेला लागते, खालची पाने पिवळी पडतात, शेंगा वरच्या पेऱ्यांवरच लागतात आणि एका वादळी पावसात सगळे लोळते.

झाडाला शेजारी कळतो. हिरवे पान उन्हातला लाल प्रकाश शोषते, त्यापलीकडचा दूरलाल मात्र परतवते. लाल प्रकाश भरपूर असला की पेशीतले फायटोक्रोम (प्रकाश ओळखणारे प्रथिन) ‘पिफ’ नावाची प्रथिने मोडीत काढते. हे पिफ म्हणजे ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर. डीएनएवर ठरावीक जागी बसून कोणते जनुक चालू व्हायचे ते ठरवणारे. दाटीत दूरलालचे प्रमाण वाढले की पिफ साचतात, ऑक्झिन (वाढीचे संप्रेरक) बनवणारी जनुके चालू होतात आणि फांद्यांच्या वाट्याचे अन्न कांड्या लांबवण्यात जाते. प्रत्यक्ष सावली पडायचीही गरज नसते. शेजारच्या पानांवरून परतलेला दूरलाल प्रकाश पुरतो.

म्हणून ‘तण अजून पिकाच्या खालीच आहे’ असे म्हणत डवरणी लांबवू नका. पहिली १५-२० दिवसांनी, दुसरी ३०-३५ दिवसांनी, वाफसा पाहून.

अंतर ४५ × ५ सें.मी., बियाणे एकरी २६ किलो. हा हिशोब ७० टक्के उगवणीचा. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून घरीच तपासा. साठच उगवले तर एकरी ३० किलो घ्या. त्याहून फारच कमी उगवत असतील तर बियाणेच बदला. खोली ३-४ सें.मी.च ठेवा. खोल पडलेल्या दाण्याचा कोंब अंधारात लांबतच राहतो (तिथेही पिफच) आणि दाण्यातले अन्न वरती यायच्या आतच सरते.

उगवणीनंतर ओळीत एक मीटर दोरी टाकून झाडे मोजा. वीसच्या आसपास ठीक. तीसच्या वर असतील तर ओल असताना, आठ-दहा दिवसांच्या आतच विरळणी करा. मजुरी जाते खरी, पण पुढे वाढरोधक फवारण्यापेक्षा ही परवडते. वाढरोधकाने झाडे बुटकी होतील, दाटी कमी होणार नाही. अशा रानात युरियाचा वरचा हप्ता तर अजिबात देऊ नका.