पायलट ट्रेनिंगचा खर्च आणि टॅक्स: रिटर्नआधी काय काय काढून ठेवायचं

पहिलं हे पक्कं लक्षात घ्या, सीपीएलसाठी, म्हणजे कमर्शियल पायलटच्या लायसन्ससाठी, स्वतःच्या खिशातून भरलेली फी पगारातून वजा होत नाही, आणि 80सी मधली (गुंतवणूक आणि ठरावीक खर्चांवरच्या सुटीच्या कलमातली) ट्यूशन फी पण मुलांच्या शिक्षणाची असते, स्वतःच्या नाही. सूट मिळते ती एज्युकेशन लोनच्या व्याजावर, कलम 80ई खाली, फक्त जुन्या रिजीममध्ये (टॅक्स मोजायच्या दोन पद्धतींपैकी जुनी). मुद्दलावर काही नाही, पण व्याजाला वरची मर्यादाही नाही.

म्हणून आधी सँक्शन लेटर शोधा आणि लोन कुणी, कुणासाठी काढलंय ते बघा. स्वतःसाठी, नवरा किंवा बायकोसाठी, मुलांसाठी चालतं, भावंडांसाठी नाही. माझा धाकटा भाऊ बारामतीला ट्रेनिंगला होता तेव्हा बाबांच्या पेन्शनमध्ये भागेना म्हणून दोन वर्षं व्याज मी भरलं, आणि मार्चमध्ये फाइल घेऊन सीएकडे गेले तर त्यांनी पहिल्याच पानावर बोट ठेवलं, ताई, भावासाठी भरलेलं तुम्हाला मिळत नाही. फार वाईट वाटलं तेव्हा. काकांकडून घेतलेले पैसे आणि गावच्या पतसंस्थेचं कर्ज पण यात बसत नाही.

मग व्याज भरायला सुरुवात कधी झाली ती तारीख बघा, कारण सूट त्या वर्षापासून जास्तीत जास्त 8 वर्षं मिळते. ट्रेनिंग चालू असताना मुलाचं उत्पन्न शून्य असतं आणि लोन त्याच्या एकट्याच्या नावावर, तरी घरचे त्याच्या खात्यातून व्याज भरत राहतात, म्हणजे घड्याळ सुरू झालं आणि ती वर्षं रिकामी गेली, पुढे ओढता येत नाहीत. आई किंवा बाबा टॅक्स भरत असतील तर कर्जदार कोण ते सँक्शनच्या आधीच ठरवा.

बँकेचं इंटरेस्ट सर्टिफिकेट घ्या आणि नीट वाचा, लावलेलं व्याज वेगळं आणि भरलेलं वेगळं, धरायचं ते भरलेलंच. लोन अकाउंट नंबर, सँक्शनची तारीख, 31 मार्चची बाकी पण लिहून ठेवा, रिटर्नमध्ये विचारतात. फ्लाइंग स्कूलला डीजीसीएने (विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं) दिलेल्या मान्यतेची कॉपी आणि फीच्या पावत्या त्याच फाइलला लावा.

परदेशात ट्रेनिंग असेल तर 26एएस काढा, म्हणजे तुमच्या पॅनवर कापलेल्या टॅक्सचा उतारा. 2025-26 मध्ये खिशातून पाठवलेल्या रकमेवर 10 लाखांच्या वर 5 टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच बँकेने घेतलेला टॅक्स) कापलाय, म्हणजे 40 लाख पाठवले तर दीड लाख, आणि तो ज्याच्या पॅनवर कापला त्यानेच रिटर्नमध्ये क्लेम करायचा, अजिबात सोडू नका. बँकेच्या एज्युकेशन लोनमधून पाठवले असतील तर टीसीएस नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, दोन्ही रिजीमचा हिशोब स्वतः मांडा. समजा पगार 20 लाख, व्याज 4 लाख, 80सी पूर्ण दीड लाख. दोन्हीकडे पगारदारांचं स्टँडर्ड डिडक्शन धरून जुन्यात टॅक्स येतो 2,32,500, आणि नव्यात बाकी एकही सूट न घेता 1,85,000, दोन्हीवर सेस वेगळा. म्हणजे एवढं व्याज भरूनही नवीनच स्वस्त! एचआरए (घरभाडे भत्ता) मोठा असेल किंवा व्याज अजून जास्त असेल तर चित्र पालटतं. आणि जुनं घ्यायचं असेल तर रिटर्न मुदतीतच भरा, उशिरा भरलेल्या रिटर्नमध्ये जुनं निवडता येत नाही.