पहिला बग नोंदवणाऱ्याला हाताशी धरताना

जळगावात आमच्याकडे मुक्त सॉफ्टवेअरच्या चाचणीच्या कामाला जी नवी मंडळी येतात, त्यांतली बरीचशी चोपडा, यावल, अमळनेर, पारोळा अशा गावांतून महाविद्यालयासाठी शहरात ये-जा करणारी असतात. फायरफॉक्स हा ब्राउझर आणि लिब्रेऑफिस हे लेखन-हिशेबाचे सॉफ्टवेअर त्यांनी वापरलेले असते. पण ही सॉफ्टवेअर्स जगभरातले स्वयंसेवक तपासतात आणि त्या तपासणीत आपल्यालाही भाग घेता येतो, हे त्यांना नव्याने कळते. अशा माणसाला सामावून कसे घ्यावे आणि पुढचे काही महिने त्याच्याबरोबर कसे काम करावे, याविषयी अनुभवातून जे उमगले ते येथे लिहीत आहे. माझे सारे म्हणणे एका गोष्टीभोवती आहे: नव्या स्वयंसेवकाने नोंदवलेल्या पहिल्या बगचे, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या दोषाचे, पुढे काय झाले हे त्याला कळले पाहिजे, आणि ते कळेपर्यंत मार्गदर्शकाने त्याची साथ सोडू नये.

पहिल्या भेटीत चाचणीचे प्रकार, त्यांच्या व्याख्या आणि प्रकल्पाचा इतिहास सांगत बसू नये. त्या दिवशी एकच काम पुरे करावे: नव्या माणसाच्या स्वतःच्या लॅपटॉपवर चाचणीची आवृत्ती बसवून देणे. फायरफॉक्सची नाइटली, म्हणजे रोज नव्याने बनणारी चाचणीची आवृत्ती, किंवा लिब्रेऑफिसची विकासाधीन आवृत्ती नेहमीच्या आवृत्तीशेजारी वेगळी बसते आणि तिची प्रोफाइल, म्हणजे वापरणाऱ्याच्या सेटिंग्जचा साठा, वेगळी राहते. त्यामुळे आपले रोजचे काम बिघडणार नाही, हे त्याला दाखवून द्यावे, कारण ही भीती बहुतेकांच्या मनात असते आणि कोणी ती बोलून दाखवत नाही. लिब्रेऑफिसची विंडोजवर बसवायची फाइल तीनशे एमबीच्या वर जाते. मोबाइलच्या डेटावर भागवणाऱ्या मुलाला ती घरी उतरवायला सांगणे बरे नव्हे. ती अधिकृत संकेतस्थळावरून आपण आधीच उतरवून पेन ड्राइव्हवर आणावी. भेट शक्यतो अकरा ते तीनच्या दरम्यान ठेवावी, म्हणजे बाहेरगावच्या मुलींना उजेड असताना एसटीने घरी पोहोचता येते.

नवी मुले मार्गदर्शकाला सहज ‘सर’ किंवा ‘मॅडम’ म्हणतात. मी त्यांना ‘दादा’ किंवा ‘ताई’ म्हणायची विनंती करतो आणि त्यामागचे कारणही सांगतो. चाचणी करणाऱ्याला ‘तुम्ही म्हणता तसे माझ्याकडे होत नाही’ हे समोरच्याला सांगता आले पाहिजे, आणि सरांना असे सांगताना जीभ अडखळते.

यानंतर भाषेचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते सर्वांत जास्त माणसे येथेच गळतात. बगझिला ही बग नोंदवण्याची ऑनलाइन प्रणाली १९९८ पासून वापरात आहे. मोझिला (फायरफॉक्स बनवणारा प्रकल्प) आणि लिब्रेऑफिस हे दोन्ही प्रकल्प आजही तिच्यावर चालतात आणि तिच्यातील व्यवहार इंग्रजीत होतो. ज्याचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आणि जो घरी अहिराणी किंवा लेवा बोली बोलतो, त्याला कोरा इंग्रजी अर्ज समोर आला की आपल्याला जे दिसले त्याविषयीच शंका वाटू लागते. म्हणून लिहिण्याआधी बोलायला लावावे. ‘काय व्हयनं?’ (काय झाले?) एवढे विचारावे आणि तो सांगेल ते मध्येच न दुरुस्त करता ऐकावे. मग तेच त्याने मराठीत चार ओळींत लिहावे आणि त्यानंतर शेजारी बसून दोघांनी मिळून त्याचे इंग्रजी करावे. एकदा एका मुलाचा पहिला अहवाल मी घाईने स्वतःच सुवाच्य इंग्रजीत पूर्ण लिहून दिला. तो मान्य झाला, पण त्या मुलाने पुन्हा एकही नोंद केली नाही. ती नोंद माझी झाली होती, त्याची राहिली नव्हती, हे मला फार उशिरा समजले. त्याची वाक्ये मोडकी असली तरी चालतील. क्रम बरोबर असला म्हणजे विकासक समजून घेतो.

त्या चार ओळींत काय असावे, हे उदाहरणानेच सांगतो. ‘नवी फाइल उघडली. तीत दऱ्या हा शब्द टंकला. शोधा या खिडकीत तोच शब्द दुसऱ्या कीबोर्डने टंकून एंटर दाबले. शब्द सापडायला हवा होता. सापडला नाही असा संदेश आला.’ येथे काय केले, काय अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात काय झाले, हे तिन्ही भाग आले. त्याखाली आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टीम हवी. लिब्रेऑफिसमध्ये मदत यादीतल्या माहितीच्या खिडकीतून आणि फायरफॉक्समध्ये अबाउट:सपोर्ट या पानावरून ही माहिती थेट कॉपी करता येते. ती आठवणीने लिहू देऊ नये. एका अहवालात एकच बग असावा, हेही याच वेळी सांगून टाकावे.

हे उदाहरण मी मुद्दाम घेतले, कारण देवनागरीची चाचणी हे आपल्या मुलांना पहिल्याच दिवसापासून जमणारे काम आहे, आणि परदेशातील अनुभवी चाचणीकाराला ते तितक्या सहज जमणार नाही. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे सातपुड्यात असतात त्या, हा फरक ज्याला कानाने कळतो त्यालाच पडद्यावर रफार आला की अर्धा ऱ आला हे खटकते. नव्या स्वयंसेवकाला हाच शब्द देऊन बसवावे. अर्धा ऱ दोन मार्गांनी लिहिला जातो: स्वतंत्र ऱ, हलन्त आणि य असा, किंवा साधा र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि य असा. दोन्ही दिसायला सारखे, साठवणीत मात्र वेगळे. शिवाय ऱ हे अक्षर एकाच संकेताने किंवा र आणि नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) अशा दोन संकेतांनीही साठवता येते, आणि युनिकोड, म्हणजे अक्षरांना संकेत ठरवून देणारे जागतिक मानक, या दोहोंना समतुल्य मानते. म्हणजे शोध घेताना या शेवटच्या दोन रूपांत भेद झाला तर तो बग ठरवायला भक्कम आधार आहे. अदृश्य जोडचिन्हाच्या रूपाबाबत मात्र चर्चा करावी लागेल. ‘माझ्याकडे चालत नाही’ आणि ‘हे का चालायला हवे’ यांतील अंतर मुलांना या एका शब्दाने जितके कळते तितके व्याख्यानाने कळत नाही. ॲ हे अक्षरही असेच तपासायला द्यावे. ते युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले, त्यामुळे जुन्या फॉन्टांत त्याच्या जागी चौकोन दिसू शकतो.

येथून दुसरा धडा निघतो, आणि त्याला पुरेसा वेळ द्यावा. ‘अक्षर चुकीचे दिसते’ हे नव्या माणसाचे सर्वांत आवडते वाक्य असते. ते खरे असते, पण दोष कोठे आहे हे त्यातून कळत नाही. मराठी वळणाचा ल आणि श हवा असताना हिंदी वळणाचा दिसला, तर तो बहुधा फॉन्टचा किंवा मजकुराला लावलेल्या भाषेचा विषय असतो. म्हणून नोंद करण्याआधी त्याने तोच मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये पाहावा, मग दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, मग मित्राच्या लॅपटॉपवर. लिब्रेऑफिस सुरक्षित पद्धतीने किंवा फायरफॉक्स समस्यानिवारण पद्धतीने पुन्हा सुरू केल्यावर दोष नाहीसा झाला, तर तो बहुधा एखाद्या ॲड-ऑनचा (वरून जोडलेल्या पूरक सॉफ्टवेअरचा) किंवा बिघडलेल्या प्रोफाइलचा असतो. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय दिसले ते वहीत लिहायचे. या वेळी मार्गदर्शकाचा हात माउसकडे जाता कामा नये. उत्तर आपल्याला ठाऊक असले तरी पाच-दहा मिनिटे गप्प बसावे. हे अवघड जाते, तरीही बसावे.

बगझिलावरच्या नोंदी सर्वांना दिसतात, हे पहिल्या नोंदीआधी स्पष्ट सांगणे मार्गदर्शकाचे कर्तव्य आहे. स्क्रीनशॉटमध्ये मोबाइल क्रमांक, गुणपत्रिका, बँकेचा संदेश नसावा. वडिलांच्या पीक कर्जाची फाइल उघडत नाही म्हणून ती जशीच्या तशी जोडू नये. तोच दोष दाखवणारी छोटी नमुना फाइल तयार करावी. सुरक्षेचा दोष असल्याचा संशय आला, तर तो उघडपणे न नोंदवता प्रकल्पाने त्यासाठी ठेवलेल्या गोपनीय मार्गाने कळवावा.

आता नोंद गेली. तिची अवस्था अपुष्ट अशी दिसते आणि नव्या माणसाला वाटते की आपल्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. ही केवळ पहिली पायरी आहे, हे तेव्हाच समजावून सांगावे. पुढचे उत्तर बहुधा तीनपैकी एक असते. पहिले, दुसऱ्या कोणाला दोष दिसला आणि नोंद पुष्ट झाली. दुसरे, आणखी माहिती मागितली. अशा नोंदीला बराच काळ उत्तर आले नाही तर ती बंद केली जाते, म्हणून मार्गदर्शकाने आठवण करून द्यावी. तिसरे उत्तर मनाला लागते: हा बग आधीच नोंदलेला आहे, किंवा हा बगच नाही. परीक्षेत नापास झाल्यासारखा चेहरा मी अनेकांचा पाहिला आहे. त्या दिवशी फोन करावा, निरोपावर भागवू नये. जुनी नोंद दोघांनी मिळून उघडावी आणि आपल्या नोंदीत त्यापेक्षा काही जास्त आहे का ते पाहावे. अनेकदा असते: दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम, नवी आवृत्ती, लहान नमुना फाइल. ते जुन्या नोंदीत लिहिले की त्याचे कष्ट कामी येतात. नोंद करण्याआधी शोध कसा घ्यावा हेही याच क्षणी शिकवावे, कारण आता त्याला त्याची गरज पटलेली असते.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात त्याला इतरांच्या नोंदी पडताळायला द्याव्यात. लिब्रेऑफिसमध्ये आपली नोंद आपणच पुष्ट करायची नसते. दुसऱ्या कोणीतरी ती आपल्या संगणकावर घडवून पाहावी लागते, आणि त्यासाठी प्रोग्रामिंग येण्याची गरज नसते. त्या प्रकल्पाच्या मोठ्या आवृत्त्या फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये येतात. त्यापूर्वीच्या आठवड्यांत पडताळणीला माणसे हवी असतात, म्हणून नव्यांना त्या सुमारास जोडून घेणे सोयीचे पडते. युरोपातील मंडळींशी ऑनलाइन बैठक असेल तर वेळ आपल्या घड्याळाप्रमाणे लिहून द्यावी: दुपारचे २ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) म्हणजे आपले सायंकाळचे साडेसात. त्यांच्याकडे मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर घड्याळ बदलते, आपल्याकडे नाही; स्थानिक वेळेवर ठरलेली बैठक तेव्हा आपल्यासाठी तासाने सरकते.

एका मार्गदर्शकाने एका वेळी दोघांतिघांपेक्षा जास्त नवी माणसे घेऊ नयेत, असे मला वाटते. आणि अनुपस्थिती म्हणजे अनास्था, असे धरू नये. कापूस वेचणीच्या दिवसांत शेतकऱ्याघरची मुले दिसत नाहीत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माणसे गावी जातात. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी घरोघरी कानबाई ही खानदेशातली देवी बसते. त्या दिवशी बैठक ठेवणाऱ्याने खोली रिकामी दिसली म्हणून रागावू नये.

कोणी खरोखरच यायचे थांबले, तरी त्याच्या पहिल्या नोंदीचा क्रमांक आपल्या वहीत राहू द्यावा आणि त्या नोंदीच्या बदलांच्या सूचना स्वतःला येत राहतील अशी सोय करावी. दुरुस्ती व्हायला कधी आठवडे लागतात, कधी वर्षे. ती झाली की त्याच दिवशी त्याला नोंदीचा क्रमांक, दुरुस्ती ज्या आवृत्तीत येणार ती आवृत्ती आणि एवढे एकच वाक्य पाठवावे: ‘तुम्ही दाखवलेला दोष आता दुरुस्त झाला आहे, एकदा तपासून सांगाल का?’