खोलीतला मित्र नशा करतो असे लक्षात आल्यावर काय करावे

इंदुरात वैद्यकीय शिक्षण घेत वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. रंगपंचमीच्या गेरीत (रंगांच्या मिरवणुकीत) कोणी भांग घेतली म्हणून त्याला व्यसनी ठरवू नये. मात्र झोपेसाठी रोज अल्प्राझोलाम, जागरणासाठी मिथाइलफेनिडेट किंवा ताण उतरवण्यासाठी रोज गांजा लागू लागला, तर गप्प बसू नये. ‘आपल्याला मात्रा कळते, आपल्याला काही होणार नाही,’ हा समज आपल्या विद्यार्थ्यांत फार घातक ठरतो. औषध कोणत्या रिसेप्टरवर (पेशीवरील ग्राहीवर) काम करते हे पाठ असले, तरी शरीराला त्याची सवय लागायची थांबत नाही.

मित्र शुद्धीत असताना, एकांतात बोलावे. आरोप न करता आपण जे पाहिले तेवढेच सांगावे: ‘तू दोन दिवस वॉर्डात आला नाहीस, रात्री गोळ्या घेतोस, मला काळजी वाटते.’ मग काय, किती, केव्हापासून आणि कशासोबत घेतो हे विचारावे. शेवटचा प्रश्न टाळू नये, कारण दारू आणि अल्प्राझोलाम एकत्र घेतल्यास श्वसन मंदावू शकते.

गोळ्या फेकून देण्याची घाई मात्र मुळीच करू नये. बरेच दिवस नियमित घेतलेले अल्प्राझोलाम किंवा रोजची भरपूर दारू एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात आणि जीवही जाऊ शकतो. मात्रा कशी उतरवायची हे मनोविकारतज्ज्ञांनीच ठरवावे, अभ्यासात कितीही हुशार असलेल्या मित्राने नव्हे.

मित्र हाक मारूनही जागा होत नसेल, श्वास फार संथ असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर ‘झोपू द्या, उतरेल’ असे म्हणू नये. १०८ ला फोन करावा, श्वास चालू असल्यास त्याला कुशीवर वळवावे आणि रुग्णवाहिका येईपर्यंत जवळून हलू नये. काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगावे. नालोक्झोन हे उताऱ्याचे औषध फक्त ओपिऑइडवर (अफू, मॉर्फिन, हेरॉइन यांसारख्या पदार्थांवर) चालते, आणि त्याचा परिणाम ओपिऑइडच्या आधी ओसरू शकत असल्याने शुद्ध आल्यावरही त्याला निरीक्षणाखाली ठेवावे लागते.

कॉलेजशी जोडलेल्या एम. वाय. या सरकारी रुग्णालयात आपलेच शिक्षक भेटतील या भीतीने अनेकजण उपचार टाळतात. अशा वेळी आधी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ किंवा व्यसनमुक्तीच्या १४४४६ या क्रमांकावर बोलावे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. एनडीपीएस कायदा (अमली पदार्थविरोधी कायदा), १९८५ मधील कलम ६४अ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाण बाळगण्याच्या आरोपातील व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने सरकारी वा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळते.

उपचार सुरू झाल्यावर मित्राची बॅग तपासत बसू नये. तपासणीच्या दिवशी सोबत जावे. तो नशेत ड्यूटीवर निघाला असेल, तर मात्र गुपित राखण्याचे वचन बाजूला ठेवून त्याच दिवशी वरिष्ठांना सांगावे आणि त्याला रुग्णांपासून दूर ठेवावे.