सिस्टेक्टमीवर थिसिस घेताय? आधी फोन नंबर नीट लिहून घ्या

एमसीएच युरॉलॉजीला (मूत्ररोग शस्त्रक्रियेच्या सुपरस्पेशालिटी पदवीला) लागलं की महिनाभरात थिसिसचं भूत मानगुटीवर बसतं. सिनॉप्सिसची, म्हणजे थिसिसच्या आराखड्याची, तारीख जवळ आलेली, गाईड म्हणतात विषय घेऊन ये, आणि सीनियर म्हणतात अगं स्टोनवरचं काहीतरी घे, रोज केसेस येतात, लवकर मोकळी होशील. मी ऐकलं नाही. ब्लॅडर कॅन्सरसाठी मूत्राशय काढून (हीच सिस्टेक्टमी) आतड्याच्या तुकड्यातून लघवीला नवी वाट, म्हणजे इलियल कन्ड्युट, केलेल्या पेशंटचं पुढे काय होतं, हा विषय घेतला. आता सबमिट झालाय, म्हणून मला कोणी सांगितलं नव्हतं ते लिहून टाकतेय.

ऑपरेशन थोडक्यात असं, की लहान आतड्याचा साधारण १५-२० सेंटीमीटर तुकडा वेगळा करायचा, दोन्ही युरेटर (किडनीतून लघवी खाली आणणाऱ्या नळ्या) त्याला जोडायचे आणि त्याचं तोंड पोटावर काढायचं. पेशंटच्या भाषेत 'पिशवी लावली'. ब्रिकर यांनी हे १९५० मध्ये मांडलं आणि अजूनही बहुतेक ठिकाणी हेच होतं. माझा सगळा रस त्या युरेटरच्या जोडात होता, कारण तो पुढे आकसतो, म्हणजे स्ट्रिक्चर होतं, आणि तेही डाव्या बाजूला जास्त. डावा युरेटर सिग्मॉइडच्या (मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणाच्या) मागून उजवीकडे ओढून आणावा लागतो, त्यासाठी तो जास्त सोडवला जातो आणि त्याच्या टोकाचा रक्तपुरवठा कमी पडतो. वाईट भाग हा की पेशंटला बऱ्याचदा काहीच कळत नाही. ना दुखत, ना ताप, क्रिएटिनिनही (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) ठीक, कारण उजवी किडनी सांभाळून घेते आणि डावी गुपचूप फुगत जाते.

मी काय घोळ घातला तो ऐका. सोनोग्राफीत किडनी सुजलेली दिसली की मास्टरचार्टमध्ये (सगळ्या पेशंटची माहिती भरायच्या शीटमध्ये) 'स्ट्रिक्चर' असं टिक करत गेले, चार महिने. गाईडनी एकदा शीट बघितली आणि विचारलं, कन्ड्युटमध्ये लघवी उलटी वर जाते तेव्हा थोडी सूज असतेच ना, मग हे सगळे स्ट्रिक्चर कसे? उत्तर नव्हतं. परत पहिल्यापासून सगळ्या फाईल्स. लूपोग्राममध्ये (कन्ड्युटमध्ये डाय सोडून काढलेल्या एक्स-रेत) डाय युरेटरमध्ये वर चढतो का, डीटीपीए स्कॅनमध्ये, म्हणजे किडनीच्या न्यूक्लिअर स्कॅनमध्ये, खरंच अडथळा आहे का, सीटीत काय दिसतं, आणि जोडापाशी कॅन्सरच परत आलेला नाही ना, एवढं बघून मग नाव द्यायचं. त्यामुळे व्याख्या आधी लिहा, मोजणी नंतर. आणि पेशंट मोजताय की युरेटर मोजताय तेही पहिल्याच दिवशी ठरवा, कारण एका माणसाला युरेटर दोन, तिथेच टक्केवारी बदलते.

दुसरं म्हणजे आकडे फार छान आले तर खूश होऊ नका. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलने २००९ मध्ये सिस्टेक्टमीच्या ११४२ पेशंटचा आढावा छापला होता, त्यात ६४ टक्के लोकांना ९० दिवसांत काही ना काही कॉम्प्लिकेशन झालं होतं. माझ्या पहिल्या मोजणीत याच्या जवळपासही आकडा नव्हता. आम्ही काय त्यांच्यापेक्षा भारी सर्जन नव्हतो, आमच्या केस पेपरवर 'पोस्ट-ऑप अनइव्हेंटफुल' लिहायची सवय होती एवढंच. नर्सिंगच्या नोट्स, अँटिबायोटिक कधी बदललं, राईल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) परत कधी घातली, हे सगळं चाळलं तेव्हा खरं चित्र दिसायला लागलं. कॉम्प्लिकेशन किती गंभीर याचं ग्रेडिंग क्लेव्हियन-डिंडो या ठरलेल्या पद्धतीनेच करा, नाहीतर तुमचा तक्ता दुसऱ्या कुणाशी ताडून बघता येत नाही.

पण ९० दिवसांवर थांबलात तर स्ट्रिक्चर हातातून सुटतं, ते बऱ्याचदा त्यानंतरच्या काही महिन्यांत ते दीड-दोन वर्षांत समोर येतं. आणि इथे खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, पेशंट येतच नाहीत. पेरणी, ऊसतोड, गाडीभाडं, आणि 'काय त्रास नाय तर कशाला यायचं मॅडम'. अशाच एका काकांच्या मुलाला फोनवर विनवण्या करून तालुक्यालाच सोनोग्राफी करायला लावली, डावी किडनी पाण्याने भरलेली निघाली.

फोन करण्याआधी फाईलमधली शेवटची नोंद बघा. मी एकदा एका पेशंटच्या घरी फोन करून सरळ विचारलं, काका आहेत का, पलीकडून काकू म्हणाल्या, ते दिवाळीत गेले. पुढे अर्धा तास त्याच बोलत होत्या. पिशवी गळायची, कातडी सोलून निघायची, एसटीत पिशवी भरेल म्हणून ते आदल्या रात्रीपासून पाणीच पीत नसत. आमच्याकडे तेव्हा क्रिएटिनिन वाढलेलं दिसायचं आणि आम्ही कारणं शोधत बसायचो! माझ्या प्रोफॉर्मात (पेशंटची माहिती भरायच्या फॉर्ममध्ये) पाण्याचा कॉलमच नव्हता. तो नंतर घातला, अर्थात अमेंडमेंट एथिक्स कमिटीकडून पास करून. फॉलोअपसाठी फोन करणार हे कन्सेंटमध्ये आधीच लिहून ठेवा, आणि ट्रायल करत असाल तर सीटीआरआयची (देशातल्या क्लिनिकल ट्रायलच्या सरकारी रजिस्टरमधली) नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधी, १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदवून घेत नाहीत.

स्टॅटिस्टिशियनकडे शेवटच्या महिन्यात जाऊ नका. मी गेले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, वारलेल्यांचं काय केलंस? मी त्यांना नुसतं 'लॉस्ट', म्हणजे संपर्क तुटलेले, धरून कॅप्लान-मायर (काळानुसार धोका दाखवणारा आलेख) काढला होता. गेलेल्या माणसाला स्ट्रिक्चर होऊच शकत नाही, त्यामुळे तसं धरलं तर स्ट्रिक्चरचा धोका फुगून दिसतो, मृत्यू हा वेगळा कॉम्पिटिंग रिस्क, म्हणजे स्ट्रिक्चरची शक्यताच संपवणारी घटना, म्हणून घ्यावा लागतो. दोन रात्री गेल्या त्यात.

आता आमच्या युनिटच्या डिस्चार्ज कार्डवर तीन नंबर लिहून घेतो. पहिला पेशंटचा, दुसरा मुलाचा किंवा जावयाचा, आणि तिसरा बहुतेक वेळा गावातल्या मेडिकलवाल्याचा असतो. उचलतो तोच.