बँकेत दिसणारे पैसे कुणाचे?

नाशिकमध्ये बी.कॉम. झालेली किंवा सीए इंटर दिलेली मुलं भेटली की विचारतात, टॅली येतं, जीएसटी रिटर्न भरता येतो, फायनान्समध्ये वर जायचं तर आता काय शिकू? माझं उत्तर ठरलेलं आहे. संस्थेच्या बँक खात्यात दिसणाऱ्या रकमेतली खरी संस्थेची किती, हे सांगायला शिका. मी आधी अंबडच्या एका कारखान्यात हिशेब सांभाळले, नंतर पेठ-सुरगाणा भागात काम करणाऱ्या एका संस्थेत गेलो. दोन्हीकडे हाच प्रश्न सगळ्यात जास्त डोकं खायचा.

आधी कारखान्याचं बोलू. अंबड-सातपूरमधले अनेक छोटे उद्योग मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवतात. बिलाचे पैसे जमा झाल्याचा मेसेज आला की मालकाच्या डोळ्यापुढे नवं व्हीएमसी मशीन (धातू कापणारं संगणकचलित यंत्र) उभं राहतं. पण त्या रकमेत जीएसटी असतो, दरमहा रिटर्न भरणाऱ्याला तो २० तारखेपर्यंत सरकारला द्यायचा असतो. टीडीएस, म्हणजे दुसऱ्यांना पैसे देताना कापून ठेवलेला कर, एरवी ७ तारखेला जातो, पीएफ १५ तारखेला. पीएफमधला कामगाराचा हिस्सा तर त्याच्याच पगारातून कापलेला. तो कापून न भरणं हा कायद्याने फौजदारी विश्वासघात ठरतो. ज्याच्याकडून मशिनिंग करून घेतलं त्या लघुउद्योजकाचे पैसे २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. हे सगळं वजा केलं की मशीनचं स्वप्न बऱ्याचदा एखाद्या ड्रिल बिटाच्या पाकिटाएवढं होतं.

मी दर सोमवारी एका पानाचा तक्ता करायचो. वर बँकेतली शिल्लक, खाली दुसऱ्यांचे पैसे, तळाला आपले. मागे पुढच्या तेरा आठवड्यांची अंदाजे आवक-जावक. त्यात हुशारीचं काही नाही, कोणीही करू शकतं. अवघड असतं ते पान मालकासमोर ठेवून गप्प बसणं. ‘भाऊ, मशीन घ्या, पण त्याला टर्म लोन काढा, सीसीतून घेऊ नका,’ एवढंच म्हणायचं. टर्म लोन म्हणजे काही वर्षं हप्त्याने फेडायचं कर्ज. सीसी म्हणजे कॅश क्रेडिट कच्चा माल आणि उधारी फिरवण्यासाठी असतं. पाच-सात वर्षं टिकणारी वस्तू त्यातून घेतली की तीन महिन्यांनी पगाराला पैसे नसतात, मग ऑर्डर भरपूर असूनही कारखाना अडतो. नफा कागदावर आणि खातं रिकामं, हे कोडं नवीन माणसाला पहिल्या वर्षातच सुटायला हवं.

द्राक्षांच्या धंद्यात हे आणखी ठळक दिसतं. जानेवारी ते एप्रिल दिंडोरी-निफाडचा माल निघतो, व्यापाऱ्याच्या खात्यात मोठमोठ्या रकमा येतात, त्यातल्या बऱ्याच शेतकऱ्याला द्यायच्या असतात. व्यापारी पळाला, ही बातमी आपल्याकडे हंगामागून हंगाम येते. त्यात काही सरळ लबाड असतात. पण काहींनी शेतकऱ्याचे पैसे आपलेच समजून दुसरीकडे गुंतवलेले असतात, आणि ते अडकले की गाव सोडतात.

आता स्वयंसेवी संस्था. इथे नफा नाही म्हणून हिशेब सोपा, असा समज घेऊन येऊ नका. उलट इथे बहुतेक पैसा कुणीतरी काहीतरी सांगून दिलेला असतो. कॉर्पस, म्हणजे कायम राखून ठेवायचा निधी, वेगळा, पाणी योजनेचा निधी वेगळा, सर्वसाधारण देणगी वेगळी. मार्चमध्ये पगाराला कमी पडलं की कोणीतरी म्हणतंच, ‘पाण्याच्या प्रकल्पात पडून आहेत ना, तात्पुरते वळवा.’ हे तात्पुरतं कधी संपत नाही. जूनमध्ये ते भरायला तिसऱ्या प्रकल्पातून उचलावं लागतं आणि निधी ठरल्या कामावरच खर्च झाल्याचं विनियोग प्रमाणपत्र देताना लेखापरीक्षकाचा हात थबकतो. परदेशी निधीत तर वाटच नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली येणारी, रक्कम आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतच येते, दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, आणि त्यातला प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो.

सीएसआरबद्दल, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चाबद्दल, जरा सविस्तर सांगतो, कारण नाशिकमध्ये कारखाने बरेच आणि संस्थांची भिस्त त्यावर. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ ज्यांना लागू आहे, त्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे असतात. वर्ष संपत आलं की मार्चमध्ये धनादेशांची घाई होते. संस्थेला आनंद होतो, पण सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या संस्थेला करसवलत हवी तर वर्षाच्या उत्पन्नाचे ८५ टक्के त्या वर्षात वापरायचे असतात. २८ मार्चला आलेला निधी ३१ ला कसा संपवणार? वेळेत अर्ज करून ती रक्कम पुढे वापरण्यासाठी राखून ठेवता येते, पण त्यासाठी विश्वस्तांचा ठराव आणि मुदत दोन्ही कुणाच्या तरी लक्षात असावी लागते. ते लक्ष तुमचं.

दुसरी गंमत ५ टक्क्यांची. कंपनीचे अधिकारी सर्रास सांगतात की प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर देता येत नाही, आणि संस्था मुकाट्याने अकाउंटंटचा पगार अंदाजपत्रकातून काढून टाकते. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चावर आहे. प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेच्या खर्चाला ती लागू होत नाही. नियम छापून बैठकीला घेऊन जा. ‘सर, ही व्याख्या एकदा वाचूया का?’ एवढ्या नम्र वाक्यावर आम्हाला एका प्रकल्पात हिशेबनीसाचं पद मिळालं.

सुशासन हा शब्द मला फार मोठा वाटतो. माझ्यासाठी त्याचा अर्थ चार कागदांपुरता आहे. खर्च सुचवणारा, मंजूर करणारा आणि नोंद घेणारा माणूस एक नसावा. खजिनदारांच्या कोऱ्या सह्यांचे चेक कपाटात नसावेत (असतात, आणि ते हजर करणारे लोक स्वभावाने अत्यंत भले असतात, म्हणूनच नाही म्हणणं जड जातं). विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाकडे चेंज रिपोर्ट जावा. आणि बैठकीचं इतिवृत्त बैठकीनंतर लिहावं, ऑडिटच्या आदल्या रात्री नव्हे.

नावाजलेले लोक मंडळावर असले म्हणजे झालं, असंही नाही. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या संचालक मंडळावर नामवंत माणसं होती. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्षांनीच पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदातली बँक शिल्लक बहुतांशी खोटी आहे. तेव्हा शिल्लकेचा दाखला संस्थेच्या हातून न घेता थेट बँकेकडून मागवा. छोट्या न्यासातही.

सुरुवात कुठून करायची? सीएची आर्टिकलशिप, म्हणजे फर्ममधली उमेदवारी, आता दोन वर्षांची झाली आहे, वेळ कमी आहे. कॅनडा कॉर्नर, शरणपूर रोडच्या फर्ममध्ये लागलात तर रिटर्नच्या टेबलावरच अडकू नका. सरांना सांगून एक न्यासाचं ऑडिट, एक सहकारी पतसंस्थेचं आणि एक कारखान्याची स्टॉक तपासणी मागून घ्या. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा आला आहे, कलमांचे आकडे बदलले आहेत. जुने पाठ करून बसलेल्या वरिष्ठांपेक्षा तुम्ही पुढे असाल, याचा फायदा घ्या.

आणि नोकरीच्या मुलाखतीला गेलात, कारखाना असो वा संस्था, तर शेवटी तुम्हीही दोन प्रश्न विचारा. मागच्या वर्षी ऑडिटरने काय शेरे मारले होते, आणि इथे मी एखादं बिल अडवलं तर अंतिम निर्णय कोण घेतं. पहिल्या प्रश्नावर समोरचा माणूस फाइल शोधायला उठला तर ती नोकरी घ्या, पगार थोडा कमी असला तरी.